आपल्यांतला वैद्य

ठाण्याहून भिवंडीकडे जातांना खाडी ओलांडली कीं रस्त्याच्या दोहों बाजूंस पत्र्याच्या उंच वखारी दिसूं लागतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, मानकोली हीं एके काळचीं भातशेतीचीं गांवें. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या अगदीं दाराशीं, अशा जागीं असल्यामुळें यांच्या शेतांतून गोदामें उभीं राहिलीं. २०१७ सालीं जकात गेली. गोदामें मात्र गेलीं नाहींत, उलट वाढलीं. आज शहरांतल्या घरीं येणारी साबणाची वडी, मुलांचें पुस्तक, औषधाची बाटली, यांपैकीं पुष्कळ वस्तूंचा एक मुक्काम या गांवांत झालेला असतो. घरोघरच्या मंडळींस वळ हें नांव ठाऊक नसेल. वळच्या हमालाच्या हातून गेलेली वस्तु मात्र त्यांच्या फडताळांत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

हीं ओझीं वाहणारीं माणसें कोण? कांहीं येथल्याच आगरी-कोळी कुटुंबांतलीं, कांहीं उत्तर प्रदेश, बिहार किंवा मराठवाडा येथून आलेलीं, कांहीं पूर्वी भिवंडीच्या यंत्रमागांवर काम केलेलीं. तालुक्याच्या आंतल्या बाजूस पाड्यांवर वारली व कातकरी राहतात. त्यांतलीं अनेक कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पाऊस जवळ आला म्हणजे परततात. या सर्वांस आजार होतात ते इतरांसारखेच. परंतु आजार झाल्यावर पुढें जें घडतें तें मात्र इतरांसारखें नसतें.

नकाशा पाहिला तर वळ कांहीं दुर्गम नव्हे. भिवंडीचें सरकारी रुग्णालय जवळ आहे, ठाणें आणि कल्याण तासाभराच्या वाटेवर आहेत, आणि मुंबईचीं मोठमोठीं रुग्णालयें त्यापुढें थोड्याच अंतरावर. पण रुग्ण आणि वैद्य यांच्यामधलें अंतर मैलांनीं मोजतां येत नाहीं. तें बुडालेल्या रोजानें मोजावें लागतें. केसपेपरच्या खिडकीपाशीं अक्षर न वाचतां आल्यामुळें जी शरम वाटते, तिनें मोजावें लागतें. ‘काय होतें?’ या साध्या प्रश्नाचें उत्तर कातकरी बाई आपल्या बोलींत देते आणि समोरच्या तरुण डॉक्टरास तें अर्धेंच कळतें, त्या अर्ध्यानें मोजावें लागतें. दुसऱ्या वेळीं ती बाई येतच नाहीं. मग कागदोपत्रीं ‘रुग्णानें उपचार सोडला’ अशी नोंद होते आणि दोष तिच्या अज्ञानावर जातो.

क्षयाचें उदाहरण घेतलें म्हणजे याचा परिणाम किती दूरवर जातो तें ध्यानांत येतें. साध्या क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. पण तें सहा महिने न चुकतां घ्यावें लागतें. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगांत शक्ति येते, आणि रुग्णास वाटतें कीं आपण बरे झालों. इतक्यांत वीटभट्टीचा हंगाम येतो व कुटुंब गांव सोडतें. औषध मध्येंच तुटलें म्हणजे उरलेले जंतु त्या औषधास दाद देईनासे होतात, आणि पुढें तोच क्षय अधिक महाग, अधिक लांब आणि अधिक जिवावरचा होऊन परत येतो, शेजारच्यांसहि लागतो. येथें उणीव औषधाची नाहीं. भट्टी कोणती, मुकादम कोण, परत केव्हां येणार, आणि तोंवर गोळ्या कोणाच्या हातीं द्यावयाच्या, हें ज्याला विचारावेंसें सुचेल अशा माणसाची उणीव आहे. हें सुचतें तें बहुधा त्याला, ज्याच्या आईबापांनीं स्वतः भट्टीवर दिवस काढलेले असतात.

म्हणून या पाड्यांतल्या, या चाळींतल्या, वखारींवर राबणाऱ्यांच्या मुलामुलींनीं वैद्यकाकडे वळावें, डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, रक्त तपासणारे व्हावें आणि त्यांच्या वाटेंतले अडथळे इतरांनीं दूर करावे, हा या भाषणाचा विषय आहे.

यावर एक आक्षेप तत्काळ निघतो. रोगाला जात नसते, मग वैद्याला ती कां असावी? कातकऱ्यांसाठीं कातकरी डॉक्टर, आगऱ्यांसाठीं आगरी, अशी वांटणी करूं लागलों तर समाज जोडण्याऐवजीं तुटेल. आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचें उत्तर भिवंडीच्या शेजारच्याच गांवच्या एका स्त्रीनें शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवलें आहे.

आनंदीबाई जोशी यांचें माहेर कल्याणचें. चौदाव्या वर्षीं त्यांस मूल झालें आणि तें दहा दिवसांत गेलें. या देशांतल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरासमोर आपलें दुखणें उघड करीत नाहींत, त्यामुळें त्या उपचारावांचून राहतात, आणि म्हणून येथें स्त्री डॉक्टर हव्यात, असें त्यांनीं १८८३ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें भर सभेंत सांगितलें आणि त्याच वर्षीं त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. पुढील वर्षीं, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आंतच, त्यांचा अंत झाला. स्त्रियांना केवळ स्त्रीनेंच तपासावें, पुरुषांनीं तपासूंच नये, असें आनंदीबाईंचें म्हणणें नव्हतें. जेथें संकोचाची भिंत आहे तेथें आंत शिरूं शकणारा कोणी तरी आधीं हवा, एवढेंच तें म्हणणें होतें. आज पुरुष डॉक्टर स्त्रियांस तपासतात आणि स्त्री डॉक्टर पुरुषांस. ती भिंत पुष्कळ ठिकाणीं पडली. ती पडण्यास पहिल्या स्त्री डॉक्टरांचें असणें हेंच मोठें कारण झालें. जी गोष्ट स्त्रियांच्या बाबतींत खरी ठरली, ती पाड्याच्या बाबतींत खोटी कां ठरावी?

अमेरिकेंतहि हाच प्रश्न आहे. मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील देशांतून आलेल्या कुळांतल्या लोकांस तेथें लॅटिनो म्हणतात. २०१८ सालीं त्या देशाच्या लोकसंख्येंत ते शेकडा अठरा होते; डॉक्टरांमध्यें मात्र शेकडा सहाच्याहि आंत. कॅलिफोर्नियांतील एक पाहणी १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें दिसून आलें कीं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो डॉक्टर हे आपापल्या लोकांच्या, आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या वस्त्यांत इतरांपेक्षां कितीतरी अधिक प्रमाणांत व्यवसाय करतात. पुढें ओकलंड शहरांत एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय पुरुषांस चिठ्ठ्या टाकाव्या तसें कोणत्याहि एका डॉक्टराकडे पाठविलें. भेटीपूर्वी सर्वांची तपासणीविषयींची इच्छा सारखीच होती. भेटीनंतर मात्र ज्यांस कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला होता, ते मधुमेहासारख्या रोगांसाठीं सुई टोंचून रक्त देण्यास अधिक संख्येनें तयार झाले. औषध तेंच, सुई तीच. फरक पडला तो बोलण्यांत आणि विश्वासांत.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव याहून बोलका आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच, थोडें शिकलेल्या बायकांस नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविलें. बाळाचें वजन करणें, श्वास मोजणें, तें गार पडूं न देणें, जंतुदोष ओळखणें व त्यावर इंजेक्शन देणें हीं कामें या आरोग्यदूतांनीं घरोघर जाऊन केलीं. ३९ गांवांत तीन वर्षें हें काम चाललें, तेव्हां तेथील नवजात बालकांचे मृत्यु तुलनेच्या गांवांपेक्षां शेकडा ६२ नीं घटले, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत नमूद आहे. २०११ पासून ही पद्धति आशा कार्यकर्तींच्या द्वारें देशभर स्वीकारली गेली. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून असेंच केलें. ज्या बायकांस गांव विहिरीपाशीं उभें करीत नव्हतें, त्याच पुढें गांवाच्या सुइणी आणि सल्लागार झाल्या.

येथें एक कटु प्रश्न विचारला पाहिजे. पाड्यावरची स्त्री आशा झाली, सुईण झाली, हें समाजास पसंत आहे. तिची मुलगी डॉक्टर व्हावी, हेंहि तितकेंच पसंत आहे काय? कीं गरिबांच्या मुलांनीं वैद्यकाच्या पहिल्याच पायरीवर थांबावें आणि वरच्या पायऱ्या आमच्या मुलांसाठीं राखून ठेवाव्या, असा आंतून हिशोब असतो? फिलिपीन्स देशांत लेयटे बेटावर १९७६ सालीं एक विद्यालय निघालें. खेड्यांनीं आपल्यांतली मुलें निवडून पाठवावयाचीं. तीं प्रथम सुइणीचें शिक्षण घेतात व गांवीं जाऊन काम करतात, नंतर परिचारिकेचें, आणि योग्यता दिसली तर त्याच शिडीनें चढत डॉक्टर होतात. पहिली पायरी ही शेवटची नसावी, हा त्या विद्यालयाचा धडा आहे.

आपल्याकडेहि जे चढून गेले त्यांचीं नांवें लहान नाहींत. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यांतील एका गरीब शेतकरी कुटुंबांतले. नागपुरास शिकून ते महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यांत आले. कोंकणांत लाल विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः मुलें, दगावत. रोग्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम नोंदविला आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर लागू पडते हें दाखवून दिलें. पूर्वी गंभीर दंशांत शेकडा तीस-चाळीस रोगी जात. तें प्रमाण शेकडा एक-दोनांवर आलें. धुळें जिल्ह्यांतील सामोडे गांवचे डॉ. राजेंद्र भारूड हे भिल्ल कुटुंबांतले. जन्मापूर्वीच वडील गेलेले आणि आई मोहाची दारू विकून घर चालविणारी. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयांत ते डॉक्टर झाले, नंतर प्रशासनांत गेले. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असतांना, २०२१ सालच्या साथीच्या दुसऱ्या लाटेपूर्वीच, त्यांनीं जिल्ह्यांत प्राणवायूचे प्रकल्प उभारण्यास आरंभ केला होता. मोठमोठ्या शहरांत प्राणवायूसाठीं धांवपळ चालली असतां या आदिवासी जिल्ह्याचें नांव देशभर झालें, तें या दूरदृष्टीमुळें.

परंतु अशीं उदाहरणें सांगून थांबणें हा एक प्रकारचा आळस आहे. एकजण कडा चढून गेला याचा अर्थ तेथें वाट आहे असा होत नाहीं. वळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी दहावी झाली आणि तिला विज्ञान शिकावयाचें आहे, असें धरून चालावें. तिच्या पुढें काय आहे? बारावीनंतर नीट नांवाची एक देशव्यापी परीक्षा आहे. ती २०१७ पासून मराठींतूनहि देतां येते. पण तिच्या तयारीचे वर्ग लाखाच्या भाषेंत बोलतात, आणि चांगलीं पुस्तकें बहुधा इंग्रजींतच असतात. अनुसूचित जमातींसाठीं राज्याच्या प्रवेशांत शेकडा सात जागा राखीव आहेत. पण त्या मिळविण्यास जातीचा दाखला आणि त्याची वैधता लागते, आणि त्यासाठीं आजा-पणजाचे कागद. ज्याच्या आजानें शाळा पाहिली नाहीं, त्यानें आजाचा शाळेचा दाखला आणावा कोठून? शिष्यवृत्ति आहे, पण ती हातीं पडेपर्यंत खानावळीचे पैसे थांबत नाहींत. आणि या सर्वांच्या आधीं, असें कांहीं शिक्षण असतें, त्याचा अर्ज अमुक महिन्यांत भरावयाचा असतो, हें सांगणारें तरी घरीं कोण आहे?

प्रवेश मिळाला म्हणजे सर्व संपलें असेंहि नाहीं. २०१९ सालच्या मे महिन्यांत, मुंबईंत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तडवी भिल्ल समाजांतल्या एका तरुण स्त्री डॉक्टरनें आत्महत्या केली. जातीवरून तिचा छळ झाल्याचा आरोप तिच्या आईनें केला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. न्यायनिवाडा हा न्यायालयाचा विषय. पण एक गोष्ट निवाड्यावांचूनहि विचार करण्यासारखी आहे. ‘राखीव जागेवर आलेली’ हे शब्द वसतिगृहांत, जेवणाच्या मेजावर, किती सहज उच्चारले जातात! ते उच्चारणारीं मुलें आकाशांतून पडत नाहींत. तीं सुशिक्षित घरांतून जातात, आणि तो शब्द त्यांनीं घरांतच ऐकलेला असतो. तेव्हां या कामाचा आरंभ देणगीनें नव्हे, घरांतल्या बोलण्यानें झाला पाहिजे.

त्यानंतर करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या अवघड नाहींत. घरीं स्वयंपाकास, धुण्यास येणाऱ्या बाईंच्या मुलीनें दहावीस काय घेतलें आहे, याची चौकशी करणें ही पहिली. आपल्या मुलाचीं परीक्षेचीं पुस्तकें रद्दींत न घालतां आश्रमशाळेच्या शिक्षकांकडे पोंचविणें ही दुसरी. अर्ज, दाखले, तारखा या कामीं वर्षभर एका विद्यार्थ्याच्या पाठीशीं राहणें ही तिसरी. निवृत्त कारकुनांस आणि शिक्षकांस हें काम फार उत्तम साधेल, कारण सरकारी कागदाची भाषा त्यांच्याइतकी कोणास येत नाहीं. ज्या डॉक्टरांचा शहरांत व्यवसाय चालतो त्यांनीं सुटींत दोन मुलांस आपल्या दवाखान्यांत बसूं द्यावें. वैद्यकाचें स्वप्न पाहण्यास वैद्यक आधीं डोळ्यांनीं दिसावें लागतें. आणि ज्या व्यापाऱ्यांचा माल वळ-पूर्ण्याच्या वखारींत उतरतो, त्यांनीं त्याच गांवांतल्या मुलांच्या शिक्षणाचा थोडा भार उचलला तर त्यास दान म्हणण्याचेंहि कारण नाहीं.

मुलांस सांगतांना हेंहि सांगावें कीं डॉक्टरकी हा एकच दरवाजा नव्हे. साडेचार वर्षांचें शिक्षण आणि वर्षाची उमेदवारी प्रत्येकास झेपेलच असें नाहीं. परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, चार वर्षांची पदवी आहे, औषधनिर्माणाची दोन वर्षांची पदविका आहे, प्रयोगशाळेचें काम आहे. यांतील कोणतेंहि काम हलकें नाहीं. मात्र हे दरवाजे दाखवितांना मोठा दरवाजा लपवून ठेवूं नये. निवड मुलीची असावी, सांगणाराची नसावी.

एक शेवटची शंका उरते. एवढें करून ती मुलगी डॉक्टर झाली आणि शहरांतच राहिली तर? राहीलहि कदाचित्. शहरांतल्या डॉक्टरांच्या मुलांस कोणी विचारीत नाहीं कीं तुम्ही खेड्यांत कां गेलां नाहीं. मग ही अट केवळ गरिबाच्या मुलीवर कां? तिच्यावर उपकाराचें ओझें घालून तिला गांवीं परत पाठविणें ही सेवा नव्हे, ती वेठ आहे. १९४६ सालीं भोर समितीनें असें सांगितलें कीं केवळ पैसे नाहींत म्हणून कोणीहि उपचारावांचून राहूं नये. तें घडवून आणण्याची जबाबदारी साऱ्या समाजाची आणि सरकारची आहे, एकट्या त्या मुलीची नाहीं. खेड्यांतल्या दवाखान्यास औषधें, राहण्यास घर, मुलांस शाळा आणि कामास मान मिळाला तर पुष्कळजण राहतील. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१० सालीं सरकारांस सल्ला दिला तो हाच कीं खेड्यांतल्या मुलांस वैद्यकांत प्रवेश द्या, कारण खेड्यांत परतून टिकण्याचा संभव त्यांच्याच बाबतींत अधिक असतो. अट न घालतांहि तीं परततात, याचें कारण उघड आहे. तेथें त्यांची आई असते, भाषा असते, आणि कोणाच्या खोकल्याकडे कोणाचें लक्ष नाहीं हें त्यांस लहानपणापासून ठाऊक असतें.

या वर्षीं दहावीचा निकाल लागेल तेव्हां भिवंडी तालुक्यांतल्या पाड्यांवरहि कांहीं मुलें उत्तीर्ण होतील. त्यांच्यापुढें दोन वाटा असतील. एक वखारीच्या फाटकाकडे जाणारी, आणि दुसरी अजून नीट न पडलेली. पहिल्या वाटेवर मुकादम त्यांची वाट पाहत उभा असतो. दुसऱ्या वाटेवर कोणी उभें राहणार आहे कीं नाहीं, हें शहरांतल्या घरांनीं निकाल लागण्यापूर्वीच ठरवावयाचें आहे.